आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मराठी माणसाच्या म्हणी म्हणजे त्याच्या अनुभवाची साठवण. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही त्यांपैकीच एक. उपाय एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे, असा तिचा लाक्षणिक अर्थ आपण शाळेत लिहिला आणि गुण मिळवले. परंतु खेड्यात राहणाऱ्याला ही म्हण लाक्षणिक वाटत नाही, ती शब्दशः खरी वाटते. आमचे सुपे नगर-पुणे रस्त्यावर आहे. (शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते निराळे, ते बारामतीकडचे.) नगर शहर येथून तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता मोकळा असला आणि बंब तत्काळ निघाला, तरी तो येथवर पोहोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणारच. त्यात वस्ती रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, बैलगाडीच्या वाटेवर असेल तर विचारायलाच नको. बंबावरच्या जवानांचा यात काडीइतकाही दोष नाही. दोष अंतराचा आहे. आगीला मात्र अंतराचे गणित मान्य नसते.

हा विषय मला सुचला तो एका फाल्गुनातल्या दुपारमुळे. आमच्या शेजारच्या वस्तीवर कडब्याच्या तीन गंजी होत्या. दुपारी वारा सुटला, वरच्या विजेच्या तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणगी पहिल्या गंजीवर पडली. पाच मिनिटांत चाळीस-पन्नास माणसे जमली. प्रत्येक जण धावत होता, प्रत्येक जण ओरडत होता, आणि हाताला येईल त्या भांड्याने जळत्या गंजीवर पाणी फेकत होता. कुणी हंडा, कुणी बादली, कुणी चक्क तांब्या! तेवढ्यात दुसरी गंज पेटली. तेव्हा एक म्हातारबाबा काठी आपटून म्हणाले, “अरे, जळतीय ती सोडा! न जळलेली राखा!” मग गडबड थांबली. डाळिंबावर औषध फवारायचा ट्रॅक्टर कुणीतरी आणला, बायकांनी गोणपाटे भिजवून तिसऱ्या गंजीवर टाकली, तरुणांनी मधला पाचोळा आणि सांडलेला कडबा ओढून दहा-बारा हात जागा मोकळी केली. तिसरी गंज वाचली. बंब आला तेव्हा धूर तेवढा उरला होता.

त्या रात्री मनात आले, माणसे होती, पाणी होते, धैर्यही होते. नव्हती ती फक्त रीत. पहिली दहा मिनिटे आपण वाया घालवली आणि दोन गंजी गमावल्या. जनावरांचा वर्षाचा चारा गेला. जगात इतरत्र गावोगावच्या माणसांनी ही रीत कशी बसवली, आपल्याकडे ती पूर्वी होती काय, आणि आज काय करता येईल, याचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

जुन्या गावाची व्यवस्था

आपल्या जुन्या गावाला आगीचे भय नवीन नव्हते. नगरकडच्या कोरड्या मुलखात घरे माळवदाची बांधत, म्हणजे लाकडी किलचणावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हापासून आणि थंडीपासून बचाव हा त्यातला हेतू होताच, परंतु उडत्या ठिणगीपासूनही त्या मातीने पुष्कळ घरे वाचवली असतील. याउलट गवताने शाकारलेली छपरे म्हणजे वाऱ्याच्या हाती दिलेले सरपणच. म्हणून कडब्याच्या गंजी आणि खळी गावठाणापासून जरा दूर ठेवण्याची चाल पडली.

आग दिसली की बोंब ठोकायची, हा गावाचा भोंगा होता. शिमग्याची बोंब आपण गमतीने मारतो, पण एरवी ऐकू आलेली बोंब ही संकटाची खूण मानली जाई आणि ती ऐकून घरात बसणे नामुष्कीचे समजले जाई. रात्रीचा जागल्या, चावडी, दवंडी ही सारी त्या व्यवस्थेची अंगे होती. सारांश, खबर देण्याची सोय होती आणि धावून जाण्याचा धर्म होता. साधने आणि कवायत तेवढी नव्हती.

आगीपासून सावध कसे राहावे याविषयी मराठीत लिहिलेला एक फार जुना आणि फार सुंदर मजकूर आपल्याला ठाऊक असतो, पण आगीच्या दृष्टीने तो आपण वाचत नाही. शिवछत्रपतींनी सतराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकाच्या सुमारास चिपळूणकडे छावणीला असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना धाडलेले ते पत्र. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात पुढे महाराज गवताच्या गंजींची काळजी करतात. कोणी उघड्यावर चूल पेटवील, कोणी गवतापाशी तंबाखू ओढील, वारा आहे की नाही हे पाहणार नाही, आणि एक ठिणगी गेली की सगळे गवत आणि सगळ्या पागा जळतील, असे ते बजावतात. रात्री दिवा तसाच ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत त्यांची नजर जाते! आणि सर्वांत मोलाचे म्हणजे ते असे सुचवतात, की आग लागून गेल्यावर कुणब्यांच्या गर्दना मारल्या किंवा कारकुनांना धाक दाखवला, तरी जळलेल्याच्या जागी एक लाकूडही उभे राहणार नाही. शिक्षेने आग विझत नाही, ती आधीच्या दक्षतेने टळते. आजच्या अग्निसुरक्षेच्या कोणत्याही पुस्तकाचा पहिला धडा हाच असतो.

शहराकडून आलेला बंब

‘बंब’ हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी खेचणारे यंत्र. न्हाणीघरातला पाणी तापवण्याचा बंब आणि रस्त्यावरून घंटा वाजवत जाणारा बंब हे दोघे नावाचे भाऊच.

हा बंब प्रथम शहरांत आला, कारण शहरे आगीत होरपळली होती. मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या आगीने वस्तीचा फार मोठा भाग भस्मसात केला. पुण्यात १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि पेशव्यांच्या वैभवाचे केवळ जोते व तट शिल्लक उरले. १८७९ च्या मे महिन्यात तेथेच बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचेही नुकसान झाले. मुंबईत आधी आग विझवण्याचे काम पोलिसांकडे होते. १ एप्रिल १८८७ पासून ते नगरपालिकेच्या स्वतंत्र दलाकडे आले. त्या दलाचे बंब घोडे ओढत असत, आणि पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीचा बंब आला.

या दलाच्या इतिहासातला सर्वांत दारुण दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये एकत्र भरलेली होती. दुपारी कापसातून धूर येऊ लागला. अग्निशामक दलाचे जवान जहाजावर चढून पाणी मारत असतानाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून आणि त्या दिवसापासूनचा आठवडा अग्निशमन सप्ताह म्हणून पाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर या सेवेला शास्त्रीय शिक्षणाची जोड मिळाली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूर येथे सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी आपल्या नागपूरला आले. परंतु हा सारा इतिहास शहराचा झाला. खेड्याच्या वाट्याला काय आले?

कायद्यातील एक रिकामी जागा

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे जरा लक्ष द्यावे. १९९२ साली संसदेने राज्यघटनेत ७३ वी आणि ७४ वी अशा दोन दुरुस्त्या केल्या. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची बारावी अनुसूची जोडली आणि तीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची अकरावी अनुसूची जोडली. तीत शेती आहे, पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. अग्निशमन मात्र नाही! जणू आग ही केवळ शहराची मक्तेदारी.

आपल्या राज्याचा १९५८ चा ग्रामपंचायत कायदा या बाबतीत अधिक शहाणा म्हटला पाहिजे. पंचायतीच्या कामांच्या यादीत, गावाच्या संरक्षणाच्या सदराखाली, आग विझवण्यास मदत करणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता राखणे हे काम त्याने नोंदवले आहे. परंतु यादीत काम असणे निराळे आणि त्यासाठी माणूस, पंप व पैसा असणे निराळे. पुढे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आला. त्याचा भर मोठ्या इमारतींतील यंत्रणा नीट ठेवण्याच्या मालकांच्या जबाबदारीवर आहे. ते योग्यच आहे, पण कडब्याची गंज, कांदाचाळ आणि गोठा त्या कक्षेत येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवा बळकट करण्यासाठी ५,००० कोटी रुपये देशभरासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली, ही आशादायक गोष्ट आहे. परंतु प्रत्येक खेड्याच्या वेशीवर पगारी दल आणि लाल बंब उभा राहील, ही अपेक्षा कुठल्याही देशाने पुरी केलेली नाही.

मग इतर देशांनी काय केले?

जगातील गावांचे उत्तर

उत्तर एकच आणि ते साधे आहे: गावाने स्वतःचे दल उभारले.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी ७ डिसेंबर १७३६ रोजी बेंजामिन फ्रँकलिनने शेजाऱ्यांना जमवून ‘युनियन फायर कंपनी’ स्थापली. सभासद तीसच घ्यायचे असा त्यांचा नियम होता. प्रत्येकाने आपल्या घरी कातडी बादल्या आणि सामान वाचवून नेण्यासाठी पोती कायम तयार ठेवायची. महिन्यातून एकदा एकत्र जेवायचे आणि आगीविषयी चर्चा करायची. जो गैरहजर राहील त्याला दंड, आणि दंडाच्या पैशांतून शिड्या, आकडे आणि बंब घ्यायचे. पुढे इतर लोकही येऊ लागले, तेव्हा त्यांना आपल्यात न घेता स्वतंत्र मंडळ काढायला सांगण्यात आले. अशी मंडळे वाढत वाढत शहरभर झाली. आजही अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी निम्म्याहून अधिक स्वयंसेवकच आहेत, आणि लहान गावांत तर बहुतेक सगळे.

जर्मनीत १८४० नंतरच्या दशकात स्वयंसेवी दलांची चळवळ सुरू झाली. १८४७ साली कार्ल्सरूहे येथील नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा शेजारच्या दुर्लाख गावच्या शिकवलेल्या स्वयंसेवकांनी केलेले काम पाहून इतरांचे डोळे उघडले. आज त्या देशात अशा स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाची कथा अधिक करुण आहे. ८ डिसेंबर १८६३ रोजी सांतियागो शहरातील एका चर्चमध्ये सणाच्या दिवशी आग लागली. दोन हजारांवर माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शोक करून शहर थांबले नाही. त्याच महिन्यात तेथे स्वयंसेवकांचे दल उभे राहिले, आणि आजही चिलीचे अग्निशामक पगार घेत नाहीत.

जपानचे उदाहरण सुप्याला आणखी जवळचे वाटावे, कारण येथील औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी खास क्षेत्र राखलेले आहे. आज टोकियो म्हणून ओळखले जाणारे एदो शहर लाकडाचे आणि कागदी दारांचे होते. १६५७ च्या महाभयंकर आगीत ते बहुतांशी जळाले. त्यानंतर सरदारांची दले होती, परंतु १७२० च्या सुमारास सामान्य नगरवासीयांची दले रीतसर बांधण्यात आली आणि त्यांना जपानी वर्णमालेतल्या अक्षरांची नावे देण्यात आली. त्यांची पद्धत मोठी बोधप्रद होती. पाणी थोडे, आग मोठी. म्हणून ते जळत्या घराच्या मागे न लागता वाऱ्याच्या दिशेची पुढची घरे पाडून आगीची वाट तोडत. आमच्या म्हातारबाबांनी काठी आपटून सांगितले ते याहून निराळे काय होते? आज जपानात सात लाखांहून अधिक नागरिक आपापले काम सांभाळून अशा दलांत आहेत. मार्च २०११ च्या त्सुनामीत समुद्राची दारे बंद करताना आणि लोकांना हलवताना त्यांतले अडीचशेच्या आसपास सभासद मृत्युमुखी पडले.

या साऱ्या कथांत तीन गोष्टी समान दिसतात: आधी ठरलेली माणसे, आधी ठेवलेली साधने आणि नियमित सराव. पैसा चौथ्या क्रमांकावर येतो.

आपल्याकडचे प्रयत्न

आपण अगदीच कोरडे आहोत असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या भीतीने मुंबईत नागरिक स्वयंसेवकांची पथके तयार झाली होती. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात गृहरक्षक दल, म्हणजेच होमगार्ड, स्थापन झाले. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. ‘निष्काम सेवा’ हे त्या दलाचे ब्रीद. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ते देशभर पसरले, आणि १९६८ च्या कायद्याने नागरी संरक्षण दलाला आधार मिळाला. या संघटनांत आग विझवण्याचे शिक्षण देतात. परंतु नागरी संरक्षण बव्हंशी मोठ्या आणि महत्त्वाच्या शहरांपुरते राहिले. खेड्यात ग्रामरक्षक दले झाली, ती मुख्यतः चोरांच्या भीतीने.

साखर कारखान्यांचा उल्लेख केल्यावाचून नगर जिल्ह्याची हकीकत पुरी होत नाही. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले आणि पाठोपाठ जिल्हाभर कारखाने उभे राहिले. कारखान्याला बगॅसचे ढीग आणि मळीच्या टाक्या राखायच्या असतात म्हणून तो बंब बाळगतो. पंचक्रोशीत ऊस पेटला की हाच बंब धावून येतो. सहकाराने खेड्याला दिलेल्या देणग्यांत ही एक न नोंदलेली देणगी आहे. औद्योगिक विकास महामंडळाचीही स्वतःची अग्निशमन यंत्रणा आहे. म्हणजे बंब हळूहळू सोमेश्वराहून रामेश्वराकडे सरकतो आहे, हे खरे.

अलीकडची आणखी एक सोय म्हणजे ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’. गावातले दूरध्वनी क्रमांक एकत्र नोंदवलेले असतात. संकटात सापडलेल्याने ठरलेल्या क्रमांकावर बोलले की त्याचाच आवाज एका वेळी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर ऐकू जातो. नगर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चोर, बिबट्या, पूर आणि आग अशा प्रसंगी तिचा वापर होतो. जुन्या काळची बोंबच ती, फक्त तारेविना दूरवर जाणारी! खबर पोहोचण्याचा प्रश्न तिने सोडवला. जमलेल्या माणसांनी काय करायचे हा प्रश्न मात्र उरतोच.

आग कशी विझते?

येथे थोडे विज्ञान सांगणे प्राप्त आहे. आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेतला प्राणवायू. तिघांपैकी एकाला काढून घेतले की आग मरते. कडबा बाजूला ओढला, तर पदार्थ काढला. पाणी मारले, तर उष्णता काढली, कारण पाण्याची वाफ होताना ते फार मोठी उष्णता शोषून घेते, आणि एक लिटर पाण्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होऊन ती हवेलाही बाजूला सारते. ओले गोणपाट किंवा माती टाकली, तर प्राणवायू तोडला. इतकेच शास्त्र आहे.

परंतु कुठे काय वापरू नये हेही तितकेच महत्त्वाचे. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. पाणी तेलाखाली जाते, त्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल अंगावर उडते. आंच बंद करून वर झाकण ठेवावे. विजेच्या उपकरणाला आग लागली तर आधी मुख्य खटका पाडावा, मग बाकीचे. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबूच नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. धूर भरलेल्या खोलीतून जमिनीलगत रांगत बाहेर पडावे, कारण धूर वर जातो आणि बहुतेक माणसे ज्वाळेने नव्हे, धुराने मरतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. रुग्णालय शहरात, बंबही शहरातच. तरीही ते घडले. म्हणजे बंब जवळ असणे हे उत्तराचे अर्धेच अंग आहे.

आता बादल्यांच्या साखळीचे गणित पाहा. विहीर किंवा हौद आगीपासून सत्तर फुटांवर आहे असे समजू. वीस माणसे साडेतीन-साडेतीन फुटांवर उभी केली की भरलेल्या बादल्यांची रांग झाली. दुसरी दहा-बारा माणसे रिकाम्या बादल्या परत न्यायला. कुणीही धावायचे नाही, फक्त बादली पुढे द्यायची. दहा लिटरची बादली दर चार सेकंदांनी पुढे गेली तर मिनिटाला पंधरा बादल्या, म्हणजे दीडशे लिटर पाणी पडते. अर्ध्या तासात झाले साडेचार हजार लिटर. साधारण बंबाच्या टाकीत जवळपास तेवढेच पाणी असते! म्हणजे नगरहून बंब येईपर्यंतच्या वेळात गावची बत्तीस माणसे एक बंब रिकामा करू शकतात. अट एकच, त्यांनी आधी एकदा तरी तसे उभे राहून पाहिलेले असले पाहिजे. आणि त्यांचे पाणी पहिल्या मिनिटापासून पडते, जेव्हा आग लहान असते.

पाणी कुणाचे?

या साखळीविषयी विचार करताना एक गोष्ट मनात येऊन गेली, ती नमूद करतो. हाताला हात लागल्यावाचून साखळी होत नाही. एके काळी आपल्या गावांत एका विहिरीला सर्वांचे हात लागू शकत नव्हते. बोंब सर्वांसाठी होती, पाणी सर्वांसाठी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्यांनी माणुसकीचा हक्क सिद्ध केला. गावाच्या संरक्षणाचीही पहिली अट त्यातच आहे. जे गाव पाण्यापाशी फुटलेले आहे, ते आगीपुढे एकसंध कसे उभे राहील? अग्निशमन दिन आणि बाबासाहेबांचा जन्मदिन एकाच तारखेला, १४ एप्रिलला, येतात हा योगायोग आहे. परंतु त्या दिवशी गावाने एकत्र येऊन एका हौदापासून बादल्यांची एकच साखळी धरली, तर दोन्ही स्मरणे एकदम साजरी होतील.

सुप्याला काय करता येईल?

आमच्या भागात पाऊस बेताचा आणि वारा भरपूर. आसपासच्या डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या त्याची साक्ष देतात. जो वारा वीज देतो तोच ठिणगीला पंख देतो. तेव्हा आपल्यापुरता विचार आपणच केला पाहिजे, आणि त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत.

दुष्काळाने आम्हाला एक साधन दिलेले आहे, ते म्हणजे पाण्याचा टँकर. डाळिंबाने दुसरे दिले, ते म्हणजे फवारणीचा ट्रॅक्टर. त्याच्या टाकीत काही शे लिटर पाणी असते आणि धार बारीक असली तरी दूर जाते. कोणाचा टँकर कुठे उभा असतो, कोणता फवारा चालू स्थितीत आहे, कोणत्या विहिरीवर मोटार आहे, याची एक यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली तर निम्मे काम झाले. गावच्या पाण्याच्या टाकीला टँकर व बंब भरण्यासाठी मोठी तोटी बसवावी. प्रत्येक आळीतून आणि वस्तीवरून दोन तरुण आणि दोन स्त्रिया निवडाव्यात. स्त्रिया मुद्दाम म्हणतो, कारण घरातली आग प्रथम त्यांनाच दिसते, आणि त्या फाल्गुनातल्या दुपारी गोणपाटे भिजवण्याचे सुचले तेही त्यांनाच. गंजीगंजींत अंतर ठेवावे, आणि ती विजेच्या तारांखाली रचू नये. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि १४ एप्रिलला, तासभर सराव करावा. १०१ आणि ११२ हे क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावेत, आणि बंबाला वाट दाखवायला एक माणूस फाट्यावर उभा करावा. चुकलेल्या वाटेत कितीतरी मिनिटे जातात.

यात महाविद्यालयाने काय करावे? राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून सुरू आहे. तिच्या हिवाळी शिबिरांत आपण झाडे लावतो, चर खणतो, रस्ते झाडतो. श्रमदानाने गाव कसे पालटते हे राळेगणसिद्धीने आमच्या उशापायथ्याशीच दाखवले आहे. त्याच शिबिरात एक दिवस जवळच्या अग्निशमन केंद्रातील जवानांना बोलावून साखळी, शिडी, प्रथमोपचार शिकून घेतले, तर दरवर्षी पन्नास-शंभर शिकलेले हात आपापल्या वाड्यावस्त्यांवर परत जातील. फ्रँकलिनपाशी तर तीसच होते.

आमच्या शेजाऱ्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा तीन गंजी रचल्या. या वेळी प्रत्येकीत वीस हातांचे अंतर होते, आणि मधोमध पाण्याने भरलेली दोन पिंपे. म्हातारबाबा आता नाहीत, परंतु त्यांचे वाक्य वस्तीवर टिकून आहे. पोरेसुद्धा खेळताना ते म्हणतात. ती म्हण तशीच राहील, कारण बंब सोमेश्वरीच राहण्याचा संभव आहे. निदान रामेश्वरी माणसे तरी तयार असावीत.